चार पुडी डबा

मिरजेच्या मिशन दवाखान्यात
तुला ठेवलं तेव्हा
मी वरण करायला शिकलो,
आणि प्रार्थनाही. त्याच आठवड्यात.

आधी काय करायचो?
सायकल स्टँडला लावायची, डोळे मिटायचे
आणि दे, दे, दे.
तिला बरं कर. बिलाचं तेवढं बघ.
नव्या डॉक्टरचा हात थरथरू देऊ नकोस.
एकच पूड गच्च भरावं, झाकण बसू नये,
आमटी ओघळून पायजम्यावर यावी,
तसं माझं मागणं देवाच्या अंगावर सांडायचं.

तबीथाबाई वाघमारे, जुन्या मेट्रन,
ओपीडीच्या बाकावर स्वेटर विणत बसायच्या.
(कुणासाठी, ते कधी कळलं नाही.)
म्हणाल्या, "शांतवनराव, डबा किती पुडांचा?"
"चार."
"मग देवापुढे एकच का उघडता?"

वरचं पूड स्तुतीचं.
पहिल्या दिवशी काही सुचेना.
सतारमेकर गल्लीतून येताना
भोपळे दिसले टांगलेले, कडू, पोकळ, उन्हात वाळत.
म्हटलं, बापा,
जो भाजीच्याही कामाचा नाही
त्याच्या पोटात तू सूर ठेवलास.
एवढंच. पण पूड भरलं.

दुसरं कबुलीचं.
हे मी महिनाभर
धुऊन पुसून कोरडंच नेलं आणि कोरडंच आणलं.
मग एका मंगळवारी रेल्वेचं फाटक पडलं
आणि मालगाडीचे डबे मोजता मोजता
तोंडातून निघालं:
मिठावरून मी तिच्यापुढे ताट भिरकावलं होतं.
पंच्याऐंशी साली.
तिने पुन्हा विषय काढला नाही. मीही नाही.
एकेचाळीस डबे गेले. फाटक उघडलं.
मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले.

तिसरं उपकारस्तुतीचं, ते सोपं निघालं.
चटणीसारखं, चिमूट चिमूट:
रात्रपाळीच्या सिस्टरने तुझी वेणी घातली.
रिपोर्ट साफ आला.
पोळी फुगली. एक.

सगळ्यात खालचं, मोठं, मागण्याचं.
तबीथाबाईंची अट होती, आधी शेजारची खाट.
म्हणून जतच्या त्या पोरीसाठी मागायचो,
मग खाटेखाली झोपणाऱ्या तिच्या बापासाठी,
मग ज्याला भेटायला कुणीच येत नाही
त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यासाठी,
आणि मग तुझं नाव.
तोवर त्या नावाची धार गेलेली असायची,
ऊब राहिलेली असायची.

ऑपरेशनच्या दिवशी काही रांधलं नाही.
डबा मात्र हातात होता, सवयीने.
पायऱ्यांवर बसलो.
स्तुती नाही, कबुली नाही, मागणंसुद्धा नाही.
गुडघा हलत होता, त्यावर रिकामी पुडं
एकमेकांवर खडखडत होती.
तबीथाबाई शेजारी टेकल्या. सुया थांबल्या.
"वाजू द्या," म्हणाल्या, "तेही ऐकू जातं.
कडी तेवढी लावा."
मी म्हटलं, बापा.
बराच वेळ गेला.
आमेन.

आता तू घरी आहेस.
पहाटे चहाचं आधण ठेवतो
आणि ते उकळेपर्यंत वरून खाली येतो.
कधी तिसऱ्या पुडावरच डोळा लागतो, चहा उतू जातो.
कधी कबुलीत स्तुती कालवली जाते.
चालतं. पोटात एकच होतं सगळं.

काल न राहवून तुला त्या ताटाचं सांगितलं.
तू लसूण सोलत होतीस.
"अहो, पंच्याऐंशी नाही, शहाऐंशी," म्हणालीस.
"आणि मीठ खरंच कमी होतं."
मग एक पाकळी माझ्या हातावर ठेवलीस,
सोलायला.

जतच्या पोरीचे टाके
मंगळवारी काढायचेत.
डबा घासून पालथा घातलाय.